कर्ज ‘सँक्शन’, देशावरही ‘सँक्शन’?

तासगावहून प्रश्न आलाय: “बेदाणा शेडचं कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं. मग रशियावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध कसे? एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ?”

उलटे दिसतात खरे, पण मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘सान्किरे’ म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणं. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. (आपला ‘संत’ मात्र संस्कृत ‘सत्’वरून आलेला, दोघांचं नातं नाही.) रोमन कायद्यात ‘सांक्तिओ’ म्हणजे कायदा मोडल्यास काय शिक्षा, हे सांगणारं कलम. कायद्यावर अधिकाराचा शिक्का बसला की तो पक्का होतो आणि मोडणाऱ्याला दंडही होतो. इंग्रजीत पहिल्या टोकाचा अर्थ ‘मंजुरी’ झाला, दुसऱ्या टोकाचा ‘दंड’. देशांवरच्या निर्बंधांसाठी हा शब्द रूढ झाला तो राष्ट्रसंघाच्या, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या ‘लीग ऑफ नेशन्स’च्या काळात. इथिओपियावर हल्ला केल्याबद्दल नोव्हेंबर १९३५ मध्ये इटलीवर असे निर्बंध लागले होते.

मराठीत ही अडचण येत नाही. ‘मंजूर’ अरबीतून आलाय, ‘नजर’च्याच घरातला. नजरेखालून गेलं ते मंजूर. त्यात दंडाचा धागाच नाही, म्हणून दुसऱ्या अर्थाला ‘निर्बंध’ हा वेगळा शब्द लागतो.

इंग्रजी वाक्यात नेमका अर्थ ओळखायचा तर आधी वचन पाहा. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर बहुतेक वेळा निर्बंधच. क्रियापद असेल तर कर्म शोधा. रक्कम, पद, रजा, बांधकामाचा नकाशा यांपैकी काही असेल तर मंजुरी. वीजबिलावरचा ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे मंजूर भार, तो यातलाच. कर्म माणूस, कंपनी किंवा देश असेल तर कारवाई.

फसगत होते ती कोर्टाच्या बातमीत. ‘सँक्शन टू प्रॉसिक्यूट’ यात समोर अधिकारी दिसतो, म्हणून घाईत ‘अधिकाऱ्यावर निर्बंध’ असं भाषांतर होऊन बसतं. पण इथे सँक्शन खटल्याला आहे, माणसाला नाही. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना गुन्हा केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९७ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ आहे. ‘खटल्यास मंजुरी’ एवढंच लिहावं.

मराठीतही एक शब्द असा दोन्हीकडे जातो: ‘वाढवणे’. धंदा वाढवला म्हणजे मोठा केला, पण रात्री दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. ‘बंद’ म्हणणं अशुभ वाटतं, म्हणून. बांगडी वाढवली, नारळ वाढवला, तेही तसंच. म्हणजे इथे दुसरा अर्थ अशुभ टाळण्यातून आला, ‘सँक्शन’सारखा कायद्यातून नाही.

आता तुमचं सँक्शन लेटर हातात घ्या. वरच्या भागात मंजूर रक्कम, व्याजदर, मुदत असते. खाली तारण, विमा आणि हप्ता थकल्यास लागणारा दंड. पहिला अर्थ वर, दुसरा खाली. आणि ‘सँक्शन्ड अमाउंट’ म्हणजे खात्यात आलेली रक्कम नव्हे. ती ‘डिसबर्स्ड’, म्हणजे वितरित. शेडवाल्याला तारीख देताना ही दुसरी रक्कम बघून द्या.