खजिन्यामागे धावणाऱ्या गुप्तहेरांचे स्वस्तातले चित्रपट लोकांना इतके का आवडतात?

पैसा नाही, अभिनय बेताचा, गोष्ट खजिन्याची, तरी लोक या चित्रपटांवर एवढा जीव का टाकतात, असं तुम्ही विचारलंय. मी त्यातलाच एक, म्हणून लिहितो.

मला हे वेड लागलं अँडी सिडारिसमुळे. हा माणूस मूळचा टीव्हीवरच्या खेळांचा दिग्दर्शक. एबीसी वाहिनीसाठी ऑलिंपिक आणि अमेरिकन फुटबॉल दाखवण्यात त्याची हयात गेली, टीव्हीतला एमी पुरस्कारही मिळाला. मग १९८५ पासून हा गुप्तहेरांचे चित्रपट काढू लागला. बायको आर्लीन निर्माती आणि हा दिग्दर्शक, असा घरचा कारखानाच झाला. १९९८ पर्यंत या मालिकेचे बारा चित्रपट आले, त्यातले दोन मुलाने केले. खेळ दाखवणाऱ्याची नजर त्यांत कळते. लख्ख ऊन, मोकळं मैदान, कोण कुठून कुठे पळतोय हे स्पष्ट. आजच्या कितीतरी महागड्या मारामाऱ्यांत मला तेवढंही कळत नाही.

'हार्ड तिकीट टू हवाई' (१९८७) मध्ये तस्करांचे हिरे येतात रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून. ते एवढंसं यंत्र भिरभिरत खाली उतरतं आणि दोघी नायिका ते हिरे पळवतात. लहानपणी अंगणात आपण खेळायचो तो चोर-पोलीस हाच! पुढे कडेला ब्लेडं लावलेली फ्रिसबी येते, तीही तेवढ्याच गांभीर्याने. दिग्दर्शक कुठेही आपल्याच गोष्टीला हसत नाही, म्हणून मलाही हसून सोडून देता येत नाही.

माझा सगळ्यात लाडका 'सॅव्हेज बीच' (१९८९). डोना आणि टॅरिन या दोघी नायिका विमानातून लस पोचवायला निघतात आणि वादळामुळे एका निर्जन बेटावर उतरतात. तिथे दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधून लुटलेलं सोनं दडलेलं, आणि युद्ध कधीच संपलंय तरी बेट न सोडलेला एक जपानी सैनिक. ही निव्वळ थाप वाटेल. पण हिरू ओनोदा नावाचा खरा जपानी अधिकारी फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढत राहिला होता. त्याच्या जुन्या वरिष्ठाने तिथे जाऊन आदेश दिला, तेव्हा कुठे त्याने शस्त्र खाली ठेवलं. हे माहीत असलं की त्या सैनिकाकडे बघताना पोटात कालवतं.

आणखी एक. विमान चालवणाऱ्या, गोळ्या झाडणाऱ्या, संकटातून स्वतःच वाट काढणाऱ्या बायका इथे मध्यभागी आहेत. त्याच नट्यांना सारखं विवस्त्र दाखवणं मला खटकतं, गोष्टही तिथे अडते.

सुरुवात 'सॅव्हेज बीच'नेच करा, फक्त घरातली मुलं झोपल्यावर.