नसलेल्या हाताची वळलेली मूठ

हल्ल्यात हात-पाय गमावलेल्यांच्या घरून आलेली तीन पत्रं आज घेतो आहे.

प्रश्न : कोयत्याच्या हल्ल्यात धाकट्या भावाचा उजवा हात कोपराखाली गेला. आता ‘मूठ आवळलीय, नखं रुततायत’ म्हणत रात्री ओरडून उठतो. त्याच्या डोक्यावर परिणाम झाला का? आई अजून त्याला भरवते.

नाही ताई, त्याची वेदना खरी आहे. हात गेला तरी मेंदूतली त्या हाताची जागा शाबूत असते. मेंदूतज्ज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर आरशाचा उपाय पुढे आणला. टेबलावर आरसा उभा ठेवा. उरलेला उजवा हात आरशामागे, डावा आरशासमोर. डावी मूठ आवळून मग सावकाश उघडायला सांगा. आरशात उजवी मूठ उघडताना दिसते आणि काहींची कळ तिथेच सैल पडते. रोज पंधरा मिनिटं, काही आठवडे करा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. नसांच्या वेदनेवर औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्या. हल्ला पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञही हवेत.

आईचा जीव कळतो, पण भरवणं थांबवा. ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही. भाकरी तीन बोटांनी दाबून धरून अंगठा आणि तर्जनीने तोडता येते. सुरुवातीला सांडेल, सांडू द्या. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागली तरी दाराबाहेर थांबा.

प्रश्न : बांधाच्या भांडणात वडिलांच्या पायावर कुऱ्हाडीचे घाव बसले, गुडघ्याखाली पाय कापावा लागला. उशीवर पाय ठेवला की त्यांना बरं वाटतं. जयपूर फूट कधी बसेल?

उशी आजच काढा. गुडघा वाकलेलाच आखडला, तर कृत्रिम पाय बसवणं फार कठीण होतं. डॉक्टरांना विचारून दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपवा. पायाच्या उरलेल्या भागाला, म्हणजे स्टंपला, पट्टी इंग्रजी आठसारखी तिरकी बांधा, टोकाकडे घट्ट, वर सैल. जखम भरून सूज उतरली की माप घेतात. पहिले काही महिने स्टंप बारीक होत जातो, त्यामुळे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची खोबण, ढिलं होऊन बदलावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ साली घडवलेलं जयपूर फूट हे पाऊल अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसांसाठीच आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, मुंबईत हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था, इथेही चौकशी करा.

प्रश्न : नवऱ्याने माझा उजवा हात तोडला. तो फरार आहे. मला भरपाई मिळेल का?

अर्ज जरूर करा. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करता येते. महिला म्हणून तुम्हाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद सोबत ठेवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही काढा.

आणि एक वही घ्या. डाव्या हाताने तुमचं नाव रोज गिरवा. ते बसलं की बँकेत जाऊन नवी सही नोंदवा. पैसे तुमच्या खात्यात आले की काढायला दुसऱ्या कुणाची गरज पडता कामा नये.