शनिवारच्या चिठ्ठ्या

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तू लिहितोस की होस्टेलची पोरं उपासनेला येतात, गाणी म्हणतात, पण वचन, म्हणजे बायबलवरचं प्रवचन, सुरू झालं की मोबाइल काढतात. त्याला तू 'जगाचा मोह' म्हणतोस. ती मोबाइलवर काय बघतात, ते एकदा विचार. धडगावहून शहाद्याला किंवा नवापूरहून जळगावच्या विद्यापीठात गेलेल्या पोराला पहिल्या वर्षीच सगळं ऐकायला मिळतं: बायबल बदललेलं आहे, येशू काश्मिरात मेला, हा इंग्रजांचा धर्म आहे, उत्क्रांती खरी तर आदाम कुठला. हे ओझं घेऊन तो सुट्टीत घरी येतो. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, विचारलं तर 'प्रार्थना कर, शंका सैतानाची असते' एवढंच ऐकायला मिळतं. मग तो परत मोबाइललाच विचारतो.

यूट्यूबने पोरं नेली असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याहून जास्त पोरं आपल्याच कच्च्या उत्तरांनी गेली. यहोशवासाठी सूर्य थांबला असं बायबल सांगतं, तो 'हरवलेला दिवस' नासाच्या संगणकाला सापडला, ही गोष्ट अजून व्यासपीठावरून सांगितली जाते. ती बनावट आहे, नासाने असलं काही शोधलेलं नाही. डार्विनने मरताना पश्चात्ताप केला, ही कथा १९१५ साली अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आली आणि त्याच्या मुलांनीच ती नाकारली. बी.एस्सी.चा पोरगा हे दोन मिनिटांत शोधून काढतो. पुढच्या रविवारी तू पुनरुत्थानावर बोललास की त्याच्या मनात येतं, हेही तसलंच असेल. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही, मूळ सापडल्याशिवाय, व्यासपीठावर नेऊ नकोस. आपल्या बाजूचं असेल तर आणखी कसून तपास.

आता पोरांच्या शंकांसाठी घ्यायच्या बैठकीचं. शनिवारी संध्याकाळी, सव्वा तास, आठ ते बारा जण. पंधराच्या वर गेले की दोघंच बोलतात, बाकीचे भिंतीकडे बघतात. पालक नकोत, पंच नकोत. पाळकसाहेबांना प्रेमाने सांग की पहिले दोन महिने त्यांनी येऊ नये, त्यांच्या तोंडावर कुणी खरं विचारणार नाही. प्रत्येकाला सारखा कागद आणि सारखं पेन दे, नाव न लिहिता प्रश्न लिहून डब्यात टाकायला सांग. चिठ्ठ्या घरी नेऊन आपल्या अक्षरात उतरून काढ, कारण बारा जणांत अक्षर लगेच ओळखू येतं आणि एकदा कुणी ओळखला गेला की डबा रिकामा येतो. एका शनिवारी एकच प्रश्न. पहिली वीस मिनिटं तू उत्तर द्यायचं नाही. प्रश्न कुठून आला, कुणी टाकला, त्यात काय खरं वाटतं, एवढंच विचारायचं. अहिराणीत कुणी म्हणालं, 'हाई खरं शे का?' तर अहिराणीतच बोलू दे. 'तारण', 'समर्थन', 'पवित्रीकरण' हे शब्द आले की पोरं गप्प बसतात, समजलं म्हणून नव्हे. येत नसेल त्या प्रश्नाला 'माहीत नाही, पुढच्या शनिवारी सांगतो' म्हण आणि तारीख वहीत टाक. तो शनिवार चुकला तर बैठक संपली समज.

काही प्रश्नांची तयारी आधीच करून ठेव. येशू तरुणपणी भारतात आला ही गोष्ट निकोलस नोटोविच याच्या १८९४ च्या पुस्तकातून पसरली; तो काश्मिरात मेला हे त्यात नाही, ते नंतर अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या प्रवासाची हस्तलिखितं पाहिली, असा नोटोविचचा दावा होता. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस त्या मठात गेले, तेव्हा प्रमुख लामांनी असलं काही नाही असं साफ सांगितलं. 'कॉन्स्टंटाइनने निकियाच्या परिषदेत बायबलची पुस्तकं निवडली' हेही खरं नाही. ३२५ सालच्या त्या परिषदेत वाद होता एरियसच्या मताचा (येशू देवाच्या बरोबरीचा नाही, निर्माण केलेला आहे) आणि पुनरुत्थान सणाच्या तारखेचा. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं नेमक्या त्याच यादीत आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात. त्यातली बरीचशी त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती.

'बायबल बदललं' या प्रश्नाला मात्र वेळ दे, कारण इथे विचारणाऱ्याचं थोडं बरोबर आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघड. नवव्या वचनापासूनचा भाग सायनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या प्रतींत नाही, मार्क तिथे आठव्या वचनावर थांबतो. योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथाही जुन्यात जुन्या प्रतींत नाही. अनेक भाषांतरांत हे कंसात किंवा तळटीपेत दिलेलं असतं. पोरांना हे आधी तुझ्याकडून कळू दे. हा फरक कळतो तोच मुळी हजारो प्रती शिल्लक आहेत म्हणून, हेही सांग. मँचेस्टरला पपायरसचा एक तुकडा आहे, जेमतेम नऊ बाय सहा सेंटिमीटर, एटीएम कार्डापेक्षा किंचित मोठा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यावर योहान १८ मधल्या पिलाताच्या चौकशीच्या ओळी आहेत आणि तो साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. मोबाइलवर फोटो मोठा करून दाखव. तुकड्यावरून सगळं सिद्ध होतं असं मात्र म्हणू नकोस, कारण तेवढं त्याने होत नाही.

मार्कचा तोच भाग आपल्याकडे जिवावर बेततो. 'सर्प उचलतील, आजाऱ्यांवर हात ठेवतील' हे वचन त्याच वादाच्या वचनांत आहे, आणि प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या आरोग्यसभांत तेच पुन्हा पुन्हा वाचलं जातं. सातपुड्यात साप चावला की पहिला तास महत्त्वाचा. चावलेला हात किंवा पाय हलू न देता ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, तिथे सर्पविषावरचं इंजेक्शन असतं. जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही. प्रार्थना गाडीत बसून होते. याकोबाच्या पाचव्या अध्यायात तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, औषध सोडायला सांगितलेलं नाही. लूक तर वैद्यच होता.

सिकलसेलचं यापेक्षा नाजूक आहे. भिल्ल-पावरा घरांत हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आढळतो, आणि 'बहिणीसाठी दोन वर्षं उपास केला, ती बरी का नाही झाली' हा प्रश्न चिठ्ठीत येणारच. तिथे उत्क्रांतीच्या प्रश्नासारखी माहिती पुरवायची नसते. आधी तिच्या घरी जा. 'विश्वास कमी पडला' हे वाक्य तुझ्या तोंडून चुकूनही यायला नको, त्या घरात ते आधीच कुणीतरी बोलून गेलेलं असतं. मग दुसरं काम, जे पाळकांनी करायला हवं आणि सहसा कुणी करत नाही: लग्न जुळवताना दोघांची रक्ततपासणी. साधी सॉल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलांना देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक होण्याची पन्नास. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन पूर्ण सामान्य असेल तर मुलाला हा आजार होत नाही, वाहकपणा येऊ शकतो. साखरपुड्यानंतर तपासलं तर अब्रूचा प्रश्न होतो, म्हणून बोलणी सुरू होतानाच तपासा.

हे गणित मांडलं ब्रनोच्या मठातल्या मेंडेल नावाच्या संन्याशाने, मठाच्या बागेत वाटाणे लावून, आणि १८६६ मध्ये ते छापून आलं. कापसाचं संकरित बियाणं दरवर्षी नवं का घ्यावं लागतं, हे ज्या पोराच्या बापाला ठाऊक आहे, त्याला मेंडेल पाच मिनिटांत समजतो. विश्वाच्या प्रसरणावर १९२७ मध्ये शोधनिबंध लिहिणारा लमेत्र कॅथलिक पाद्री होता. विज्ञान की विश्वास, या प्रश्नावर एवढी दोन माणसं पुरेत. उत्पत्तीच्या सहा दिवसांचे तास मोजण्यात शनिवार घालवू नकोस.

'इंग्रजांचा धर्म' याला उत्तर सोपं आहे, पण अर्धं प्रामाणिक नको. केरळात ख्रिस्ती मंडळ्या युरोपीय यायच्या कितीतरी आधीपासून आहेत, गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत १६१६ ला छापलं गेलं, नंदुरबारकडे आलेल्या मिशनरींत स्कँडिनेव्हियन मुळाचे बरेच होते, आणि कंपनी सरकार १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना नाखुशीनेच येऊ देत होतं. त्याचबरोबर हेही कबूल कर की परदेशी पैशाने आपल्या मंडळ्यांना आळशी केलं आणि जात आपण उंबऱ्याबाहेर ठेवली नाही. घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून प्रार्थनेच्या निमंत्रणासोबत ब्लँकेट नाही, फीचे पैसे नाहीत, आणि अठराखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय बैठकीत घेऊ नकोस.

राहिलं कानबाईचं, खान्देशातल्या देवीच्या सणाचं. श्रावणात रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात, भाऊबंद जमतात, आणि नव्याने विश्वासात आलेला पोरगा विचारतो, ताटावर बसू का? पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे: बाजारात विकलं जातं ते न विचारता खा, पण कुणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. रोट सगळ्यांना माहीत असलेलं अर्पण आहे, तेव्हा रोट नको. पण रोट भाऊबंदकीचे असतात, ऐन वेळी तो ताटावरून उठला तर काकांना वाटेल पोरगा घर सोडून गेला. म्हणून त्याला आठ दिवस आधी काकांकडे पाठव, एकट्याला, तुझ्याशिवाय. 'रोट खाणार नाही, बाकी सगळ्याला आहे' एवढं बोलू दे. मग त्या दिवशी सकाळपासून पाणी भरायचं, पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं, संध्याकाळी भांडी घासायची. होळीचा ढोल आणि नाच यात मी अडवणार नाही, होळीत सोंग घेऊन बुध्या-बावा होऊन नवस फेडणं वेगळं. ढोल तर मंडळीत आण, की-बोर्डपेक्षा बरा वाजतो.

पहिल्या शनिवारी किती चिठ्ठ्या आल्या ते कळव. दोनच आल्या तरी चालेल.

तुझा,
सेवेतला जुना सोबती