पिट्सबर्ग स्टीलर्सना एक धड मिडल लाइनबॅकर का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की मुलगा पिट्सबर्गला शिकायला गेलाय, दर सोमवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि स्टीलर्स, म्हणजे तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम, हरले असले की "मधे कोणी नाहीच आपल्याकडे" हे एकच रडगाणं असतं. तर हा मधला माणूस म्हणजे नक्की कोण, आणि एवढ्या पैसेवाल्या टीमला तो मिळत कसा नाही?

आधी एक सांगा, त्याला 'आपल्याकडे' म्हणायला किती महिने लागले? मला दोन हंगाम लागले होते.

मी मूळची सांगलीची. २०११ पासून या गावात आहे, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. इथला फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळतात तो, मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. त्यांचं सगळं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेलं. ते तळघरात बसून मॅच बघायचे आणि टीव्हीवरच्या खेळाडूंना 'यिन्झ' म्हणून शिव्या घालायचे. यिन्झ म्हणजे पिट्सबर्गी बोलीत 'तुम्ही लोक'. मुलगा फोनवर यिन्झ म्हणायला लागला की समजा तो आता परत येत नाही.

तर मधला माणूस. बचावाच्या अकरा जणांत सगळ्यात पुढे सव्वाशे-दीडशे किलोचे तीन-चार पहिलवान, ती लाइन. त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर, बरोबर मधोमध जो उभा असतो तो मिडल लाइनबॅकर. कबड्डी बघत असाल तर साखळी डोळ्यांसमोर आणा. मधला हात सुटला की चढाईवाला तिथूनच निसटतो. आजोबांनी मला पहिला धडा दिला तो असा: "बॉलकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. तोसुद्धा बॉलकडे बघत नाहीये." खरंच, तो समोरच्या गार्डकडे, म्हणजे त्यांच्या पुढच्या फळीतल्या पहिलवानाकडे, बघत असतो. गार्ड पुढे रेटायला लागला तर ते बॉल घेऊन पळणार, मागे सरकला तर पास येणार. हे ओळखायला त्याच्याकडे डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ. त्यातही समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, पळण्याची हूल देऊन पास टाकतो. मधला माणूस दोन पावलं पुढे आला की त्याच्या पाठीमागची जागा मोकळी, आणि बॉल नेमका तिथेच पडतो.

शिवाय बहुतेक टीममध्ये हिरवा ठिपका त्याच्याच हेल्मेटवर असतो. बचावाच्या अकरांपैकी एकाच वेळी एकाच्याच हेल्मेटमध्ये स्पीकर चालतो, त्यातून कोच सूचना देतो, आणि खेळ सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं त्याने ओरडून बाकी दहा जणांना सांगायचं. थोडक्यात, दांडगाही हवा, चपळही हवा आणि डोकंही ठिकाणावर हवं.

(कोणी कमेंटमध्ये दुरुस्ती करायच्या आत मीच सांगते: स्टीलर्स १९८० च्या दशकापासून ३-४ पद्धतीने, म्हणजे पुढे तीन पहिलवान आणि मागे चार लाइनबॅकर असे, खेळतात, त्यात मधे दोघं असतात आणि त्यांना इनसाइड लाइनबॅकर म्हणतात. आजोबा मात्र शेवटपर्यंत मिडल लाइनबॅकरच म्हणायचे.)

त्यांच्या डोळ्यांसमोर जॅक लॅम्बर्ट होता, दुसरं काय. नंबर ५८. १९७४ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात तिथे, दुसऱ्या फेरीत घेतलेला, या जागेच्या मानाने काटकुळाच. पुढचे दात शाळेत बास्केटबॉल खेळताना गेलेले, त्यामुळे तो हसला तरी समोरच्याला धडकी भरायची. त्याच्या पहिल्या सहा हंगामांत टीमने चार सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मॅच, जिंकले. पण आजोबा त्याबद्दल कमीच बोलायचे. ते बोलायचे १९७६ बद्दल, जेव्हा सुपर बोल मिळाला नाही. पाचपैकी चार मॅच हरून सुरुवात, आणि मग शेवटच्या नऊ मॅचमध्ये मिळून समोरच्यांना फक्त २८ गुण. पाच मॅचमध्ये तर भोपळा. एकदा हे पाहिलेल्या माणसाला पुढचं काही पसंत पडेल का? मुलाच्या आजूबाजूला अशीच म्हातारी मंडळी असणार. त्याचं रडगाणं अर्धं त्यांच्याकडून आलेलं आहे.

लॅम्बर्टनंतर दुष्काळ पडला असं मुळीच नाही. जेम्स फॅरिअर २००२ पासून दहा वर्षं होता. लॉरेन्स टिमन्स २००७ मध्ये आला, तोही दहा वर्षं टिकला. एक जाईपर्यंत दुसरा तयार असायचा. आणि २०१४ मध्ये आला रायन शेझियर. इतक्या वेगाने धावणारा लाइनबॅकर मी तरी तोवर पाहिला नव्हता. चुकीच्या दिशेने पाऊल पडलं तरी परत वळून बॉलवाल्याला गाठायचा.

४ डिसेंबर २०१७, सोमवार रात्र, सिनसिनाटीत मॅच. आम्ही आजोबांच्या तळघरात होतो. खेळ जेमतेम सुरू झालेला. तिथल्या बेंगल्स टीमच्या एका रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, पास घेतला, शेझियर खाली वाकून त्याच्यावर आदळला. डोकं खाली होतं. तो उताणा झाला आणि त्याने हात कमरेच्या मागे नेला. आजोबा अर्धे उठले. मला आधी वाटलं कमरेत उसण भरली असेल. मग लक्षात आलं की वरचं सगळं अंग हलतंय आणि पाय तसेच पडलेत, ठेवल्यासारखे. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. स्टीलर्स ती मॅच २३-२० अशी जिंकले, १७-० मागे पडून, आणि कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

पाठीच्या कण्याला मार बसला होता. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या रात्री तो हळूहळू चालत स्टेजवर आला आणि स्टीलर्सची निवड जाहीर केली. पण मैदानात तो पुन्हा उतरला नाही, २०२० मध्ये निवृत्ती जाहीर केली. मार बसला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पुढची आठ-दहा वर्षं त्या जागेचा विचारच करायचा नाही असं टीमने ठरवलेलं, आणि एका टॅकलमध्ये, म्हणजे बॉलवाल्याला पाडण्याच्या एका झटापटीत, ते सगळं गेलं. तयार असा दुसरा कोणी नव्हता.

महिन्याभराने प्लेऑफमध्ये जॅक्सनव्हिलने आमच्या घरी येऊन ४५ गुण केले. लेनर्ड फोर्नेटने १०९ यार्ड पळून तीन टचडाउन, म्हणजे तीनदा बॉल गोल लाइनपलीकडे. सगळं गाव म्हणालं, शेझियर असता तर! मला हे कधीच पटलं नाही. त्याच फोर्नेटने ऑक्टोबरमध्ये याच मैदानावर आमच्याविरुद्ध १८१ यार्ड केले होते आणि तेव्हा शेझियर धडधाकट खेळत होता.

आता पैशाचं. इथे पैसेवाली टीम असा प्रकारच नसतो. पगाराला मर्यादा आहे, सगळ्या ३२ टीमना सारखीच. २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. आणि कॉलेजातली नवी पोरं ड्राफ्टमधून घ्यायची असतात, तिथे आदल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर. माइक टॉमलिन २००७ मध्ये मुख्य कोच झाला, तेव्हापासून २०२४ पर्यंत एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. कौतुकाची गोष्ट आहे. पण त्यामुळे रांगेत कायम मागे उभं राहावं लागतं आणि चांगला माल पुढच्यांनी उचललेला असतो. मंडईत साडेअकराला गेल्यासारखं.

२०१८ मध्ये जॉन बॉस्टिकला आणून भागवलं. तो पळणाऱ्यांना अडवायचा, पण पास आला की बोंब. चार्जर्सविरुद्धची मॅच मुलाला यूट्यूबवर बघायला सांगा, नको, जेवणावर वासना उडेल. कीनन ॲलनने १४ झेल घेतले, १४८ यार्ड, आणि कितीदा तरी त्याच्या मागे आमचा लाइनबॅकर हाशहुश करत धावतोय.

म्हणून २०१९ मध्ये त्यांनी एरवी करत नाहीत ते केलं, रांग मोडून पुढे गेले. ड्राफ्टमधला विसावा नंबर, त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीतला नंबर आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला, एवढं सगळं डेन्व्हरला देऊन दहावा नंबर घेतला आणि मिशिगनच्या डेव्हिन बुशला आणलं. उंची पाच फूट अकरा इंच, पण ४० यार्ड ४.४३ सेकंदांत. बघताच कळत होतं की हे लोक शेझियर शोधतायत. पहिलं वर्ष छानच गेलं, शंभरावर टॅकल. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राउन्सविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो परत आला, पण तो वेग परत आला नाही. ज्याची सगळी मदार वेगावर, त्याचा वेगच गेला की उरतं काय? गर्दीत शिरायला बिचकायला लागला. २०२२ नंतर त्याला सोडून दिलं.

इथे मला रॉबर्ट स्पिलेनबद्दल बोललंच पाहिजे. ड्राफ्टमध्ये याला कोणी घेतलंच नव्हतं. बुश जायबंदी झाल्यावर त्याच्या जागी उभा केलेला, नंबर ४१. पुढच्याच रविवारी टेनेसीविरुद्ध मॅच. डेरिक हेन्री, म्हणजे ११२ किलोचा, अंगावर आला तर ट्रक वाटावा असा माणूस, गोल लाइनवर बॉल घेऊन आला. स्पिलेन सरळ पुढे गेला आणि छातीवर छाती देऊन त्याला जागच्या जागी थांबवला. त्या आवाजाने आजोबांच्या हातातलं बिअरचं कॅन सांडलं. याच पोराचे आजोबा जॉनी लॅटनर, १९५३ चे हाइझमन विजेते, म्हणजे त्या वर्षीचे कॉलेज फुटबॉलमधले सर्वोत्तम खेळाडू, एक हंगाम स्टीलर्सकडूनच खेळलेले. म्हणजे घरचा माणूस! पण पायात वेग नाही म्हणून त्याच्याकडे कायम बदली कामगार म्हणूनच पाहिलं. २०२३ मध्ये तो रेडर्सकडे गेला आणि तिथे दोन्ही हंगामांत शंभराच्या वर टॅकल करून दाखवले. मला अजून राग येतो.

मधे २०२१ येऊन गेलं, ज्याबद्दल मुलाचे मित्र बोलत नसतील. त्या वर्षी जॅक्सनव्हिलकडून 'जो शोबर्ट' नावाचा लाइनबॅकर आणला होता, बुश परत आला होता, आणि तरीही पळणाऱ्यांना अडवण्यात आम्ही ३२ पैकी ३२ वे. मॅचमागे १४६ यार्ड. मिनेसोटाच्या डॅल्व्हिन कुकने एका रात्रीत २०५ केले. सगळ्यांनी या दोघांना झोडपलं. पण पुढच्या लाइनमधला स्टीफन ट्युइट त्या वर्षी एकही मॅच खेळला नाही आणि टायसन अलुआलू दुसऱ्याच मॅचमध्ये जायबंदी झाला. पुढचे पहिलवान समोरच्या गार्डना गुंतवून ठेवतात तेव्हा मधला माणूस मोकळा असतो. ते नसले की तोच गार्ड, एकशे चाळीस किलोचा, थेट याच्या अंगावर येतो. मग लॅम्बर्ट असला तरी काय करणार? लॅम्बर्टच्या पुढच्या लाइनमध्ये 'जो ग्रीन' नावाचा पहिलवान होता हे लोक विसरतात.

२०२३ तर निव्वळ साडेसाती. कोल हॉलकोम्ब आणि क्वॉन अलेक्झांडर हे दोघं नवे आणलेले, बरे चालले होते. २ नोव्हेंबरला हॉलकोम्बचा गुडघा गेला, १२ नोव्हेंबरला अलेक्झांडरच्या घोट्यामागची शीर तुटली. दहा दिवसांत दोघंही गार. मग जो मिळेल त्याला फोन; माइल्स जॅकला तर आधी सोडून दिलेलं, त्यालाच परत बोलावलं.

अखेर २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या पॅट्रिक क्वीनला ३ वर्षांसाठी ४.१ कोटी डॉलर देऊन आणलं. बाहेरच्या खेळाडूला टीमने इतके पैसे कधीच दिले नव्हते. जोडीला तिसऱ्या फेरीत पेटन विल्सन, आदल्या वर्षीचा कॉलेजातला सर्वोत्तम लाइनबॅकर, गुडघ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे इतका खाली घसरलेला. नोव्हेंबरमध्ये त्याने बाल्टिमोरच्या खेळाडूच्या हातातून बॉल अक्षरशः हिसकावून घेतला, आम्ही १८-१६ जिंकलो. वाटलं, संपलं ग्रहण.

जानेवारी २०२५, प्लेऑफ, तेच बाल्टिमोर. त्यांनी नुसतं पळून २९९ यार्ड केले. त्यांतले १८६ डेरिक हेन्रीचे, तोच तो, आता त्यांच्याकडे. सोमवारी लॅबमध्ये सगळे क्वीनच्या नावाने खडे फोडत होते. मी रात्री पहिल्या हाफची रेकॉर्डिंग परत पाहिली, आजोबांनी शिकवलं तसं, बॉलकडे न बघता. आमची पुढची लाइन दोन-दोन यार्ड मागे ढकलली जात होती आणि क्वीनपर्यंत हेन्रीच्या आधी गार्ड पोचत होता.

तेव्हा पुढच्या सोमवारी फोन आला की मुलाला फक्त एवढंच विचारा, "मधल्याचं राहू दे रे, पुढच्या तिघांनी काय केलं?" तो किती सेकंद गप्प बसतो ते मला इथे खाली कळवा.