नुसत्या नंबर प्लेटवरून मालकाचा पत्ता मिळतो का?

प्रश्न : पार्क केलेल्या माझ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं, डावा आरसा वायरला लोंबकळतोय आणि दारावर लाल रंगाचा ओरखडा उमटलाय. नशीब की एका मुलाने त्या गाडीचा नंबर लिहून ठेवला होता. ऑनलाइन टाकला तर मॉडेल, इन्शुरन्सची तारीख सगळं दिसतं, मालकाच्या नावात मात्र नुसत्या फुल्या. प्लेट सगळ्यांना दिसावी म्हणूनच लावतात ना, मग नाव का लपवतात? एक साइट पैसे घेऊन पत्ता देते म्हणे, घेऊ का?

उत्तर : आधी शेवटचं सांगते, नका घेऊ. असा पत्ता एकतर चोरलेल्या डेटातून आलेला असतो नाहीतर सरळ थाप असते, वर तुमच्या कार्डाचे डिटेल्स त्यांच्या हातात.

आता फुल्यांचं. तुमचा राग अगदी कळतो मला, पण १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला काय झालं ते ऐका. रिबेका शेफर ही २१ वर्षांची अभिनेत्री, तिच्या मागे लागलेल्या एका चाहत्याने खासगी डिटेक्टिव्हला पैसे दिले, मोटार वाहन खात्याच्या रेकॉर्डमधून तिचा पत्ता मिळवला आणि तिच्या दारात जाऊन तिला गोळी घातली. त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेने देशभरासाठी कायदाच केला, की पोलीस, कोर्ट, इन्शुरन्स अशा ठरावीक कामांशिवाय खात्याने वाहनमालकाचा नाव-पत्ता कोणाला द्यायचा नाही. नंबर तर रस्त्यावरचा कोणीही वाचतो, त्यातला कोण आरसा फुटलेला आणि कोण पाठलाग करणारा हे त्या साइटला कसं कळणार?

सगळीकडे हेच आहे असं नाही हां. स्वीडनमध्ये सरकारी कागद लोकांना बघता यावेत हा कायदा १७६६ पासून आहे आणि तिथे नंबरवरून मालक कोण हे कळतं. ब्रिटनमध्ये अर्ज करून योग्य कारण द्यावं लागतं, अपघाताला जबाबदार कोण हे शोधणं हे तिथे चालतं. मला हीच पद्धत पटते, कारण विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय हेही कागदावर येतं.

आणि समजा नाव मिळालंच, तरी गाडी तोच चालवत होता कशावरून? गाडी विकलेली असते पण कागद नावावर झालेले नसतात, कधी दुसऱ्याच्या नंबरची डुप्लिकेट प्लेट लावलेली असते, आणि तुम्ही भलत्याच माणसाच्या दारात जाऊन भांडाल. ऑनलाइन दिसलेलं मॉडेल त्या मुलाने पाहिलेल्या गाडीशी जुळतं का, ती लालच होती का, हे त्याला नीट विचारा.

मग नंबर, वेळ, जागा लिहून पोलिसांत तक्रार द्या, तिची कॉपी इन्शुरन्सवाल्यांना द्या, मालकाचं नाव ते रीतसर काढू शकतात. ओरखड्याचे जवळून फोटो काढल्याशिवाय दार पुसू नका, तो लाल रंग पुरावा आहे. आणि शेजारच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आजच मागा, जुन्यावर नवीन चढत जातं.