एक तळं धरून ठेव

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "काका, नॉर्दर्न लाइट्स बघून झाले, आता इथे बघायला उरलंय काय?" उत्तर नॉर्वेतल्या या ट्रोम्सोत येऊन तुला तीन महिने झालेत. फोनवर बोललो असतो तर चिडलो असतो, म्हणून लिहायला बसलो.

सांगायचं एवढंच आहे: एक जागा धर आणि वर्षभर तिथेच जात राहा. मी तुला प्रेस्टवानेट सुचवीन. शहराच्या डोक्यावर, बेटाच्या माथ्यावर असलेलं ते छोटं तळं. अर्ध्या तासात फेरी पुरी होते, बसने जाता येतं, शिवाय वाटेवर दिवे आहेत. आठवड्यातून एकदा जायचं, त्याच वाटेने. पहिले दोन महिने कंटाळा येईल. येऊ दे.

२७ नोव्हेंबरच्या आसपास सूर्य क्षितिजाखाली जाईल तो थेट १५ जानेवारीच्या सुमारास परतेल. लोकांनी तुला घाबरवून ठेवलंय, तसा काळोख काही नसतो. सकाळी दहा ते दुपारी दोन दक्षिणेकडे गुलाबी उजेड पसरतो आणि बर्फ निळा दिसतो. कपडे धुताना आपण नीळ घालायचो ना, तसा. ही वेळ लॅबमध्ये घालवू नकोस. डबा नंतर खा. आणि डिसेंबरची पौर्णिमा, म्हणजे आपली दत्तजयंती, चुकवू नकोस. त्या दिवशी चंद्र मावळतच नाही, डोंगरांवरून गोल फिरत राहतो. पौर्णिमेला सूर्य-चंद्र समोरासमोर असतात. सूर्य जितका खाली, तितका हा वर. नॉर्दर्न लाइट्ससाठी अ‍ॅप लावून बसणारे लोक या चंद्राला शिव्या देतात, त्याच्यामुळे आकाश फिकं पडतं म्हणून. मला मात्र तोच जास्त आवडतो.

बुटांना लावायचे खिळे, इथे त्यांना ब्रोडर म्हणतात, ते आजच घे. मी पहिल्या जानेवारीत "कशाला हवेत" म्हणून घेतले नाहीत आणि सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये घालून बसलो. आतून लोकर, वरून वाऱ्याला अडवणारं काहीतरी, बाहीला रिफ्लेक्टर. दुर्बीण ८ बाय ४२ची पुरे. कॅमेरा पहिलं वर्षभर नकोच.

ताजा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्वालोया बेटावर जा, बर्चच्या झाडीत. प्राणी दिसले नाहीत तरी रात्रभर कोण कुठे गेलं ते तिथे लिहून ठेवलेलं असतं. सशाच्या मागच्या पायांचे मोठे ठसे पुढे पडतात आणि पुढच्या पायांचे छोटे त्यांच्या मागे, त्यामुळे नवखा माणूस हमखास उलट्या दिशेने माग काढत जातो. मीही गेलोय. एकदा एका झुडपाजवळ मला बर्फात मुठीएवढं भोक दिसलं. वाकून पाहतोय तोच पायाशी बर्फ फुटला आणि पांढराशुभ्र पक्षी फडफडत निघून गेला. रिपे होता तो, आपल्या तित्तिरांचा उत्तरेकडचा नातलग. थंडीत तो बर्फात बीळ करून झोपतो. खाली त्याच्या उबेने गुळगुळीत झालेली खोली होती, तळाला लेंड्यांचा ढीग. त्या दिवशी त्याची झोप मोडली याचं मला अजून वाईट वाटतं. इथे हिवाळ्यात उडायला लावणं म्हणजे कुणाच्या शिलकीतले पैसे काढण्यासारखं आहे. रेनडिअरचंही तेच. रस्त्याच्या कडेला कळप दिसला तर उभी राहा, पाठलाग करू नकोस. चालताना त्यांच्या पायांतून टक-टक असा आवाज येतो, कान देऊन ऐक. हिवाळा सरत आला तरी डोक्यावर शिंगं असली तर ती बहुधा गाभण मादी समज. नरांची केव्हाच गळून गेलेली असतात.

वसंत मात्र कॅलेंडरात शोधू नकोस. आपले सहा ऋतू, इथले मूळचे सामी लोक आठ मानतात, आणि ते का, हे एक वर्ष राहिल्यावर पटतं. इथे २९ एप्रिल १९९७ला २४० सेंटीमीटर बर्फ मोजला होता, आपल्याकडे आंबे उतरत होते तेव्हा! पण त्या बर्फातही किनाऱ्यावर नारिंगी चोचीचा ऑयस्टरकॅचर ओरडत येतो. तो आला की ऋतू पालटला असं मी धरतो.

तळ्याचं बर्फ वितळलं की रेड-थ्रोटेड लून हे पाणपक्षी उतरतात. अंडी तळ्याकाठी, मासे मात्र समुद्रातले: चोचीत एक मासा आडवा धरून बेटावरून परत येताना दिसतील. जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही, म्हणून घरटं अगदी पाण्याला लागून असतं. वाट सोडू नकोस. मे महिन्यात आर्क्टिक टर्नही येतात, अंटार्क्टिकाकडच्या समुद्रातून. घरट्याजवळ गेलीस तर डोक्यावर चोच मारतात. हात वर धर आणि निमूट मागे फिर.

जूनमध्ये तळ्याला एक सुट्टी दे आणि आतल्या भागात, दिवीदालेनच्या दरीकडे जा. तिथल्या विलोच्या झुडपात ब्लूथ्रोट गातो. पुण्याजवळच्या कवडीपाटला हिवाळ्यात तू मला लव्हाळ्यात दाखवला होतास ना, शेपटी हलवत गपचूप फिरणारा? तोच. नॉर्वेतल्या ब्लूथ्रोटांना चिमुकली यंत्रं बांधून पाहिलं, तर ते भारतीय उपखंडाकडे जातात असं निघालं. आपल्याकडे मुका वाटणारा हा पक्षी इथे मध्यरात्रीच्या उन्हात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत गातो. डासांची जाळी ने.

तंबू टाकायची काळजी नको. १९५७च्या कायद्याने रानात कुणीही फिरू शकतं, फक्त तंबू घरांपासून १५० मीटर लांब टाकायचा. ऑगस्टमध्ये मोल्टे पिकतात, पिवळ्या रासबेरीसारख्या. जागा कुणी सांगणार नाही. मीही नाही. सप्टेंबरात बर्च पिवळे झाले की आठवडा-दीड आठवडाच ती मजा टिकते, मग वादळ येऊन सगळं साफ करतं.

व्हेल बघायच्या बोटींचं विचारलं होतंस. हेरिंग माशांच्या मागे ओर्का हल्ली लांब शेर्वोयकडे जातात. गेलीस तर इंजिन बंद करून थांबणारी बोट बघ. घाई नाही.

सूर्य गणिताने १५ जानेवारीच्या सुमारास, आपल्या संक्रांतीच्या आगेमागे उगवतो, पण दक्षिणेचे डोंगर आडवे येतात म्हणून शहरात सूर्याचा दिवस २१ला. लोक त्या दिवशी सोलबोलर खातात, साखरेत घोळवलेले जॅमचे गोळे. साडेअकराला तळ्यावर ये, उत्तरेच्या काठाला, दिव्याच्या खांबाजवळ. मी थर्मासमध्ये चहा आणीन. आईने पाठवलेला तिळगूळ तोवर संपवू नकोस.

तुझा,
काका