साहित्यसिद्धांतावर लघुप्रबंध करतोय, मोठ्या अभ्यासकांची मदत कशी मागायची?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या लघुप्रबंधाला कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांचा सौंदर्यविचार घेतलाय, पुण्यातल्याच एका ज्येष्ठ समीक्षकांना दोनदा मेल टाकला, उत्तर नाही. मेलमधलं वाक्यही दिलंय, 'मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराबद्दल मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती'. अहो, याला त्या माणसाने उत्तर तरी काय द्यायचं? अख्खे मर्ढेकर मेलमधे बसवायचे का?

हसत नाहीये, मीही सेम हेच केलेलं. आमच्या वेळी मेल नव्हता एवढंच, एका समीक्षकांना फोन केला तर पलीकडून 'आधी वाचा, मग बोलू' आणि फोन ठेवला. राग आला होता खूप. मग दोनेक महिने पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५चं) स्वतः वाचलं आणि एका जागी खरंच अडलो. मर्ढेकर लयीचे (म्हणजे कलाकृतीतले घटक एकमेकांशी कसे जुळतात त्याचे) तीन प्रकार सांगतात, संवाद, विरोध, समतोल. आता दोन स्वर जुळतात की नाही ते कानाला कळतं, पण साहित्याचं माध्यम ते भावनात्मक अर्थ मानतात, मग दोन अर्थांचा संवाद झाला की विरोध हे ठरवायचं कोणी? एवढंच पोस्टकार्डावर त्याच समीक्षकांना लिहिलं, खाली पान नंबर टाकला. आठवड्यात उत्तर, बुधवारी पाचला या.

गेलो. त्यांनी माझं प्रकरण हातात घेतलं, पेन्सिलीने एका अवतरणाखाली रेघ मारली, म्हणाले हे मर्ढेकरांचं वाक्य नाही, मर्ढेकरांबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं आहे. मी ते एका टीकाग्रंथातून उचललेलं, मूळ पानाशी ताडून बघितलंच नव्हतं. कान लाल झाले. पण मग दीड तास बोलले, रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) कपाटातून काढून मर्ढेकरांवरचा भाग उघडून दिला, म्हणाले तुमची शंका इथे कशी मांडलीय बघा आणि पटत नसेल तर भांडा.

तर तुमचा विषय आधी एका प्रश्नाएवढा बारीक करा. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या वेबसाइटवर जुने प्रबंध फुकट मिळतात, त्यातले दोनतीन चाळले तरी काय होऊन गेलंय ते कळेल. जुने अंक, लेख वगैरे लागले तर टिळक रोडला साहित्य परिषदेच्या ग्रंथालयात चक्कर मारा, तिथे बसणाऱ्या लोकांना विचारलं की अर्धी कामं होतात (माझी तरी झाली). मग नवा मेल, दहा ओळींच्या आत, मी काय वाचलं, कुठे अडलो, पान अमुक, मला असं वाटतंय, चुकतोय का. 'आपल्या अमूल्य ज्ञानाचा लाभ' वगैरे काढून टाका, त्याने कोणी खूश होत नाही उलट शंका येते. आणि त्यांचा स्वतःचा या विषयावर लेख असेल तर तो वाचल्याशिवाय मेल करूच नका प्लीज, पहिला प्रश्न तोच येतो.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडा, दुसऱ्या कोणाला विचारा. आणि भेट मिळाली तर प्रकरणाची प्रिंट काढून न्या, मोठ्या टायपात, दोन ओळींत जागा सोडून. फोनवरची पीडीएफ समोर धरली तर पेन्सिल कुठे चालवणार ते.